हाताची शाळा

गेल्या दिवाळीची गोष्ट. वसुबारसेच्या आदल्या दिवशी माझी आठ वर्षांची नात पुण्याहून शिरूरला आली, ती हुकूम घेऊनच. "आजोबा, यंदा आकाशकंदील विकत आणायचा नाही. आपण करायचा." नातवंडांच्या हुकमाची अंमलबजावणी करण्यावाचून निवृत्त माणसाला दुसरे काम नसते. मी बुरुडाकडून कामट्या आणल्या, नातीने वाण्याकडून पतंगी कागद आणला, तिच्या आजीने कणकेची खळ शिजवून दिली आणि आम्ही दोघांनी पडवीत बैठक मारली.

चार कामट्या सारख्या मापाच्या कापल्या. चारही कोपरे दोऱ्याने आवळून बांधले. झोकात चौकोन तयार झाला. पण उचलून उभा करावा तो महाशय एका अंगाला कलंडले. चौकोनाचा शंकरपाळा झाला! मी कोपरे पुन्हा आवळले. पुन्हा शंकरपाळा. तिसऱ्या खेपेस मी दोऱ्याला नावे ठेवली, चौथ्या खेपेस बांबूला, आणि पाचव्या खेपेस बिचाऱ्या बुरुडालाही. नात गुडघ्यांवर हनुवटी टेकून हे सारे पाहत होती. तिने उरलेल्यांतली एक लांब कामटी उचलली, चौकोनावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी धरली आणि म्हणाली, "आजोबा, ही बांधा बरं."

बांधली. चौकोन हलेना.

"हे कशावरून सुचलं ग तुला?"

"अहो, मागच्या दाराला असते की!"

खरेच की. आमच्या परसदारच्या जुन्या फळ्यांच्या दाराला मागच्या बाजूने तिरपी पट्टी ठोकलेली आहे. चाळीस वर्षे मी ते दार उघडतो आणि लावतो आहे. ती पट्टी मला कधी दिसलीच नव्हती.

मी इतिहासाचा मास्तर. पानिपतावर कोणाची फौज कोठे उभी होती ते आजही फळ्यावर काढून दाखवीन. पण चार काड्यांचा चौकोन उभा राहत नाही तेव्हा काय करावे, हे मला तेहतीस वर्षे शिकवूनही ठाऊक नव्हते. त्या रात्री कंदील लागला, सर्वांनी नातीचे कौतुक केले, आणि मी मात्र अंथरुणावर पडून एकच विचार करीत राहिलो. ही तिरपी काडी माझ्या हातून निसटली कधी?

*

माझे बालपण दौंडला गेले, रेल्वेच्या चाळीत. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ साली या मुलखातून पुढे डिकसळपर्यंत गेला, आणि १८७८ साली मनमाडकडची वाट सुरू झाल्यावर दौंडचे जंक्शन झाले. गाव वाढले ते इंजिनांच्या आसऱ्याने. आमच्या लहानपणी घड्याळाकडे कोणी पाहत नसे. कोणती गाडी शिटी देऊन गेली त्यावरून स्वयंपाकाची वेळ कळे. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादा लोकोशेडमध्ये फिटर होते. शिक्षण मराठी चौथी. पण चाकावर हातोडीची एक टिचकी मारून ते कानानेच निदान करीत. खणखणीत वाजले तर चाक धड, बद्द वाजले तर कोठे तरी चीर. आमची आई बाजारात मडके घेताना जे करी, तेच दादा इंजिनाच्या चाकाला करीत.

मी आठनऊ वर्षांचा असेन. एका दुपारी घरातले गजराचे घड्याळ मी खोलले. आत काय टकटकते ते मला पाहायचे होते. चक्रे निघाली, कमान उसळून पलंगाखाली गेली, आणि दादा दारात उभे! मी गाल पुढे करूनच बसलो होतो. पण त्यांनी मारले नाही. खाली बसले, कमान शोधून आणली, अर्ध्या तासात घड्याळ चालू केले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हे माझं काम. तुझं काम वही. तुझे हात पांढरे राहू देत."

त्या वाक्यात माया होती. काळ्या हातांच्या माणसाला कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या पायरीवर जे ऐकून घ्यावे लागते तेही त्यात होते. मी आज्ञाधारक मुलगा. हात पांढरे ठेवले. दादा गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी उघडली, तेव्हा आतल्या निम्म्या वस्तूंची नावेही मला येत नव्हती. एक आख्खी विद्या माझ्या घरात नांदली आणि माझ्या डोळ्यांदेखत उठून गेली.

पुढे मी शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत मास्तर झालो. वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाचा तास असे आणि तो बहुधा माझ्या गळ्यात पडे. मी तो कसा घेत असे ते सांगतो. लपवण्यात अर्थ नाही. 'खडू तयार करणे : साहित्य, कृती, दक्षता' असे मी फळ्यावर लिहून देई. मुले ते सुबक अक्षरात वहीत उतरवून घेत. परीक्षेत तेच लिहीत आणि गुण मिळवीत. इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने खडू केला नाही. दादांचे वाक्य मी शेकडो मुलांना, न बोलता, ऐकवीत होतो.

नातीने माझी खोड मोडली तेव्हा मी माझ्या धंद्याला शोभेल तेच केले. जुनी पुस्तके काढली, आणि मुलांच्या हातांना डोके असते हे आपल्याकडे कोणाच्या कधी ध्यानात आले होते काय, ते शोधू लागलो. शोध लांब जाईल असे वाटले होते. तो जर्मनी-अमेरिकेला वळसा घालून आला, पण थांबला माझ्याच अंगणात. भीमेच्या दक्षिणेला माझ्या जन्माचा दौंड तालुका, उत्तरेला माझ्या पोटापाण्याचा शिरूर. या दोन तालुक्यांत, सुमारे नव्वद वर्षांच्या अंतराने, दोन माणसांनी हाताची शाळा मांडली होती. मी दोन्ही ठिकाणांवरून एस.टी.ने किती वेळा गेलो असेन, याची गणती नाही.

*

आधी तो वळसा सांगितला पाहिजे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल नावाचा एक शिक्षक होऊन गेला. जन्म १७८२चा, मृत्यू १८५२चा. तरुणपणी त्याने वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली, पुढे बर्लिनमध्ये स्फटिकांच्या संग्रहात काम केले. स्फटिक पाहता पाहता त्याच्या मनाने घेतले की, सृष्टी थोड्या साध्या आकारांतून मोठमोठी घरे बांधते. मग मुलाला तेच आकार हातात का देऊ नयेत? १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या लहान गावी त्याने तान्ह्यांहून थोड्या मोठ्या मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० साली तिला नाव दिले किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग.

या बागेत पाटी-पेन्सिल नव्हती. प्रथम लोकरीचे रंगीत चेंडू. मग लाकडाचा गोळा, नळकांडे आणि घन. मग आठ लहान तुकड्यांत सुटणारा घन. मोडा, जुळवा, पुन्हा मोडा. पुढे काड्या आणि भिजवलेले वाटाणे! वाटाण्यात काडी खुपसायची, दुसऱ्या टोकाला दुसरा वाटाणा, आणि असे करीत घर, पूल, मनोरा उभा करायचा. उभा राहिला तर ठीक. पडला तर का पडला ते मुलाने आपणच पाहायचे. शिक्षिकेने उत्तर सांगायचे नाही. चार वर्षांच्या मुलाला स्थापत्य शिकवण्याची याहून स्वस्त युक्ती मला तरी माहीत नाही. प्रशियाच्या सरकारला मात्र या वाटाण्यांत बंडाचा वास आला आणि १८५१ साली त्याने किंडरगार्टनांवर बंदी घातली. पण जर्मनी सोडून गेलेल्या कुटुंबांबरोबर ही पद्धत अमेरिकेत पोहोचली होती. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात हे लाकडी ठोकळे मांडलेले होते. ते पाहून एका बाईने आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी घेतले. तो मुलगा म्हणजे पुढचा जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. त्या ठोकळ्यांचे ऋण तो म्हातारपणीही सांगत असे.

याच फिलाडेल्फियात दहा वर्षांनी एक मराठी बाई उतरली. पंडिता रमाबाई. निमित्त होते आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाचे, मार्च १८८६. आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि परतल्या; रमाबाई मात्र तेथे थांबल्या, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मुलांच्या बागेत विद्यार्थिनी म्हणून जाऊन बसल्या. जिला आईने लहानपणीच संस्कृत पढवले, जिची विद्वत्ता पाहून कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव केला, ती बाई चेंडू आणि ठोकळे घेऊन फ्रोबेलची पद्धत शिकू लागली! मला या प्रसंगाचे नवल वाटते ते यासाठी. शब्दांच्या विद्येत तिच्याइतके धनवान त्या काळी थोडे असतील. पण आपल्या देशातल्या मुलींना पाठांतराहून निराळे काही दिले पाहिजे, हे तिला कळले होते. मराठी मुलांसाठी नव्या धर्तीची क्रमिक पुस्तके तयार करण्याचा उद्योगही तिने तेथेच आरंभिला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. रमाबाईंच्या धर्मांतरावरून आणि शारदा सदनावरून महाराष्ट्रात जे रण माजले ते सर्वश्रुत आहे. आजचा विषय तो नव्हे. आपल्याला जायचे आहे ते केडगावला. दौंड तालुक्यात, रेल्वेच्या रुळांलगत, रमाबाईंनी माळरान विकत घेतले, विहिरी खणल्या. आणि १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. पाठोपाठ १८९९-१९००चा छप्पन्नचा दुष्काळ आला, तो गुजरातेतल्या मुलींना घेऊन. हाडांचे सापळे झालेली ती पोरे. कोणाचे आईबाप डोळ्यांसमोर गेलेले, कोणी वाटेवर टाकून दिलेले. मुक्ती सदनाची वस्ती हजारांवर गेली.

अशा वेळी दुसरे कोणी असते तर दोन वेळची पेज आणि अंगावर वस्त्र एवढ्यावर समाधान मानले असते. रमाबाईंनी शाळा मांडली, आणि ती पोटाला व हाताला एकदम धरून मांडली. त्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात बालोद्यानातच ४०० मुले असल्याचा उल्लेख आहे. शिक्षिका तयार करण्याचा वर्ग निराळा. थोरल्या मुलींसाठी विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दूधदुभते, धुलाई, भटारखाना, शेती. आणि छापखाना! रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर येथेच छापले गेले. १९२२ साली त्या वारल्या; ग्रंथ पुरा होऊन बाहेर आला १९२४ साली. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, पाने दुमडणाऱ्या सगळ्या त्या मुलीच.

खिळे जुळवण्याचे काम ज्याने पाहिले आहे त्याला ते केवढे कोडे असते हे कळेल. अक्षरे उलटी, आरशात पाहावे तशी वाचायची. काना-मात्रा-वेलांट्या जागच्या जागी बसवायच्या. ओळ एक केसभर आखूड राहिली तर पान आवळताना खिळे गळून पडतात, केसभर लांब झाली तर आवळतच नाही. दोन शब्दांमधल्या जागा कमीजास्त करून प्रत्येक ओळ ठाकठीक भरायची. दुष्काळात रस्त्यावर सापडलेली मुलगी दिवसभरात अशी शेकडो कोडी सोडवीत होती. तिला कोणी अभियंता म्हटले नाही, ती गोष्ट वेगळी.

*

आता पुन्हा एकदा अमेरिका. १८९९ साल, म्हणजे केडगावात छप्पन्नच्या दुष्काळाची चाहूल लागत होती ते. मॅसॅच्युसेट्समधल्या मिल्टन गावच्या किंडरगार्टनात चार वर्षांचा एक मुलगा होता, बकमिन्स्टर फुलर. त्याची दृष्टी अतिशय अधू. जवळचे काही नीट दिसत नसे आणि अजून चष्मा लागलेला नव्हता. मुलांना काड्या आणि वाटाणे दिले गेले. डोळस मुलांनी घरे पाहिलेली, म्हणून त्यांनी चौकोनी घरे केली. फुलरने घर कधी स्वच्छ पाहिलेच नव्हते. तो नुसता चाचपडत, ओढून-दाबून पाहत गेला. चौकोन बोटांत डगमगे, त्रिकोण डगमगत नसे. म्हणून त्याने त्रिकोणाला त्रिकोण जोडीत काही तरी वेगळेच उभे केले. बाईंनी इतर शिक्षिकांना ते पाहायला बोलावले, अशी आठवण तो पुढे आयुष्यभर सांगत असे.

यातले गणित सोपे आहे आणि ते माझ्या नातीच्या कंदिलात होते. चार काड्यांची लांबी ठरली तरी कोन ठरत नाहीत. म्हणून चौकोनाचा शंकरपाळा होतो. तीन काड्यांची लांबी ठरली की कोनही ठरून जातात. त्रिकोणाला वाकडे व्हायला जागाच उरत नाही. काडी मोडेल, पण आकार मोडणार नाही. थोरपणी फुलरने हेच तत्त्व गोलावर पसरले आणि लहानलहान त्रिकोणांचा, आत एकही खांब नसलेला घुमट रचला. तशा जातीचा एक घुमट १९२०च्या दशकात जर्मनीत येना येथे उभा राहिला होता. पण त्याचे गणित मांडून जगभर प्रसार केला तो फुलरने. त्याचे पेटंट १९५४चे आहे.

हा घुमट मी प्रथम कोठे पाहिला असेल? पाबळला!

*

पाबळ शिरूर तालुक्यात. मस्तानीची कबर येथे आहे, म्हणून इतिहासाच्या सहली येथे येत. एरवी गाव अवर्षणाचे. पावसाने पाठ फिरवली की टँकरची वाट पाहणारे. १९८३ साली या गावाबाहेरच्या उजाड माळावर एक शास्त्रज्ञ पत्नीसह राहायला आला. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेली, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या अधिकाराची जागा सांभाळलेली. ती त्यांनी मुदतीपूर्वीच सोडली, आणि मीराबाईंना घेऊन माळावर बिऱ्हाड केले. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली विज्ञान आश्रम सुरू झाला.

मधल्या काळात महाराष्ट्रात हाताच्या शिक्षणाचा प्रयोग झाला नव्हता असे नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली. उद्योगातून शिक्षण हा तिचा गाभा. पण स्वातंत्र्यानंतर ती मागे पडत गेली. त्याची कारणे विद्वान अनेक देतात. मला एक कारण घरातूनच माहीत आहे. साहेबाचा मुलगा इंग्रजी शिकणार आणि आमच्या पोराने सूत कातायचे, ही शंका गरीब बापाच्या मनातून कधी गेली नाही. माझ्या दादांची तीच शंका होती, आणि ती निराधार नव्हती. हाताचे शिक्षण फक्त गरिबाच्याच पोराला द्यायचे म्हटले की ते शिक्षण राहत नाही, शिक्षा होते.

कलबागांनी हा पेच ओळखला होता, असे मला वाटते. त्यांनी हात आणि विज्ञान वेगळे होऊ दिले नाहीत. आश्रमात शाळा सोडलेली, नापास म्हणून घरी बसलेली मुले वर्षभर राहून शिकत. त्याचबरोबर पाबळच्या माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय सुरू झाला, आणि १९८०च्या दशकातच त्याला शासनमान्यता मिळाली. आठवड्यातला एक दिवस हातांचा. विषयाचे चार भाग : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन. मुलांनी वेल्डिंग करायचे आणि पावही भाजायचा. मुलींनी रक्तगट तपासायचा आणि करवतही चालवायची. शिकवायला गावातलेच कारागीर. आणि मुख्य अट अशी की, काम खोटे नसावे. गावाला ज्याची गरज आहे तेच करायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा. कोणाच्या शेताची मोजणी, कोणाचे फाटक, कोणाच्या कोंबड्यांचे खुराडे. विहीर कोठे खणावी हा तर पाबळचा जीवन-मरणाचा प्रश्न. जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजायचा आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधायचा, हे काम आश्रमातली मुले शिकली. नांगराला बैल परवडत नाहीत, मोठा ट्रॅक्टर तर नाहीच, तेव्हा जुन्या जीपचे भाग जोडून येथे छोटा ट्रॅक्टर तयार झाला.

१९९०च्या आसपास मी शाळेची सहल घेऊन मस्तानीच्या कबरीला गेलो होतो. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून मुलांना घेऊन आश्रमात डोकावलो. एका घुमटाचा सांगाडा उभा राहत होता. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण. त्यावर पुढे जाळी ताणून सिमेंटचा गिलावा चढवायचा, म्हणजे तुळई-खांबांवाचून घर होते. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा पट्ट्या कापीत होता. एक पट्टी आखूड कापली गेली. मुलगा कावराबावरा झाला. मला वाटले, आता बसणार रपाटा! शिकवणारा माणूस शांतपणे म्हणाला, "आता काय करायचं, सांग." मुलाने पट्टी फिरवून फिरवून पाहिली. सांगाड्याकडे पाहिले. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. त्या घुमटात सगळ्या पट्ट्या एका मापाच्या नसतात; काही लांब, काही आखूड. त्याने चुकलेली पट्टी आणखी थोडी कापली आणि आखूड पट्ट्यांच्या ढिगात टाकली. "वाया नाही गेली!" तो म्हणाला.

मी ते पाहिले, कौतुकाने मान हलवली, मुलांना गाडीत बसवले, आणि सोमवारी शाळेत जाऊन पुन्हा फळ्यावर लिहिले : 'खडू तयार करणे. साहित्य, कृती, दक्षता.' इतिहासाच्या मास्तराला समोर घडणारा इतिहास दिसत नाही, तो असा.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. धाब्याच्या घरांच्या जाड दगडी भिंतींनीच माणसे गाडली. त्यानंतर पाबळचे हे घुमट लातूर भागात उभे राहिले. हलक्या त्रिकोणांचे घर धरणीबरोबर हलते, पण एकाएकी ढासळत नाही. मिल्टनच्या अधू डोळ्यांच्या मुलाने वाटाण्यात काडी खुपसून जे चाचपले होते, ते पाबळच्या नापास मुलांच्या हातांतून किल्लारीच्या माणसांच्या डोक्यावर छप्पर होऊन आले. मुलांचा खेळ कोठवर जातो पाहा. २००२ साली अमेरिकेच्या एम.आय.टी. संस्थेतले प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांच्या साह्याने पाबळला फॅब लॅब निघाली, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या हत्यारांची कार्यशाळा. त्या संस्थेबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक. तेथेही प्रश्न गावचेच होते : दुधाची पारख कशी करावी, डिझेल इंजिनाचे तंत्र कसे लावावे. ३० जुलै २००३ रोजी डॉ. कलबाग वारले. आश्रमाचे काम त्यांच्या मागे चालू राहिले.

*

केडगाव आणि पाबळ यांचा एकमेकांशी प्रत्यक्ष संबंध होता असे मी म्हणत नाही. एकीकडे चार वर्षांची पोरे, दुसरीकडे चौदा वर्षांची. एकीकडे धर्माची प्रेरणा, दुसरीकडे विज्ञानाची. पण फ्रोबेलच्या बागेतली एक फांदी रमाबाईंच्या बरोबर केडगावला आली आणि दुसरी फुलरच्या घुमटातून पाबळला पोहोचली, एवढे मात्र खरे. दोन्ही ठिकाणी जमीन कोरडी होती. दोन्ही ठिकाणी जगाने टाकून दिलेली मुले होती. आणि दोन्ही ठिकाणी एका फार शिकलेल्या माणसाने, शब्दांच्या विद्येत सारे काही मिळवल्यानंतर, मुलांच्या हातात वस्तू ठेवली आणि उत्तर सांगायचे टाळले. अडचण मुलाला भेटू द्यायची, आणि आपण मधे पडायचे नाही. हे सांगायला सोपे आहे. माझ्यासारख्या बोलघेवड्या मास्तराला याहून अवघड तपश्चर्या नाही.

आता तर काळ अनुकूल आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना काही दिवस दप्तराविना शाळेत बोलवावे आणि सुताराकडे, कुंभाराकडे, माळ्याकडे पाठवावे असे सुचवले आहे. बाजारात मुलांसाठी यंत्रांचे संच मिळतात. माझ्या मुलाने नातीसाठी तसा एक आणलाही होता. सुरेख होता. प्रत्येक तुकडा मापात कापलेला, प्रत्येकाला क्रमांक, सोबत चित्रांचे पुस्तक. तिने तासाभरात गाडी जुळवली आणि पुन्हा त्या खोक्याकडे पाहिले नाही. कारण त्यात काहीच कलंडत नव्हते. माझ्या कार्यानुभवाच्या तासात आणि त्या खोक्यात मला फारसा फरक दिसेना. 'साहित्य, कृती, दक्षता' येथे रंगीत छापून आली होती इतकेच.

दादांवर माझा राग नाही. त्यांना मुलाचा मान हवा होता आणि तो वहीतून मिळतो हे त्यांनी पाहिले होते. चूक वहीची नव्हती. आपण समाजाने वही आणि हातोडी यांच्यामध्ये जी भिंत घातली, तिच्या दोन बाजूंना बाप आणि मुलगा बसून राहिले, हे खरे दुःख. ती भिंत पाडायला धोरणे लागतील, पैसा लागेल, चांगले शिक्षक लागतील. पण निदान आपापल्या पडवीत ती आपण पाडू शकतो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो, त्याचा बुरूज ढासळला तर पोरांना लगेच सिमेंट आणून देऊ नये. कंदील वाकडा झाला तर होऊ द्यावा. मूल इकडेतिकडे पाहील, आणि कोणत्या तरी जुन्या दाराची तिरपी पट्टी त्याला दिसेल.

यंदा नातीचे पत्र आले आहे. म्हणजे तिने बोलून घेतलेला निरोप आला आहे, मी त्याला पत्रच म्हणतो. यंदा तिला कंदील फिरता करायचा आहे, आतल्या दिव्याच्या उबेने. कसा ते तिला माहीत नाही, मलाही नाही. मी एवढेच केले आहे. माळ्यावरून दादांची पेटी खाली काढली, पक्कड, कानस आणि छोटी हातोडी रॉकेलच्या बोळ्याने पुसून ठेवली. पुसताना माझे हात चांगले काळे झाले. ते मी बराच वेळ धुतले नाहीत.